फ्रेझल व्हर्ब शिकवणारा एक ऑनलाइन अभ्यासक्रम : पाचवा धडा आणि बाकीचे अकरा

इंग्रजीतील फ्रेझल व्हर्ब, म्हणजे ‘पुट ऑफ’सारखे, क्रियापदाला एखादा लहानसा शब्द जोडून नवा अर्थ देणारे प्रयोग, शिकवणारा बारा धड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी गेल्या तीन महिन्यांत पूर्ण केला. मी अनुवादाचे काम करते आणि आठवड्यातून दोन दिवस प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. त्यामुळे शिकणारी आणि शिकवणारी अशा दोन्ही नात्यांनी मी त्याच्याकडे पाहिले. त्यातील काही उणिवांबद्दल चालकांशी माझा पत्रव्यवहार अजून सुरू आहे, म्हणून अभ्यासक्रमाचे नाव येथे देत नाही. अशा धर्तीचे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत आणि ज्या कसोटीवर मी हा तपासला, ती त्यांतील कोणत्याही अभ्यासक्रमाला लावता येईल.

हा अभ्यासक्रम घेण्यामागे एक जुनी बोच होती. काही वर्षांपूर्वी दीर्घ आजारात असलेल्या एका सहकाऱ्याला मी इंग्रजीतून पत्र लिहिले होते. ‘यातून तुम्ही बाहेर पडेपर्यंत आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ एवढेच मला सांगायचे होते. त्यासाठी लिहायला हवे होते ‘वी विल सी यू थ्रू’, आणि मी लिहिले ‘वी विल सी थ्रू यू’. या दुसऱ्या वाक्याचा अर्थ ‘तुमचे सोंग आमच्या लक्षात येईल’ असा होतो. शब्द तेच, संख्याही तीच. फक्त शेवटच्या दोघांची जागा बदललेली. त्यांनी मोठ्या मनाने त्याचा उल्लेखही केला नाही, पण चूक लक्षात आल्यापासून ते पत्र माझ्या मनातून गेलेले नाही. मुख्य म्हणजे ‘सी थ्रू’चे दोन्ही अर्थ मला तेव्हाही पाठ होते. पहिल्या वाक्यातला ‘थ्रू’ क्रियापदाच्या बाजूचा आहे आणि दुसऱ्या वाक्यातला ‘थ्रू’ त्याच्या पुढच्या सर्वनामाचा आहे, हे मात्र मला कोणी शिकवलेले नव्हते. म्हणून फ्रेझल व्हर्ब शिकवणाऱ्या कोणत्याही साधनाला मी आता पहिला प्रश्न हाच विचारते की, वाक्यातला तो चिमुकला शब्द कोणाचा आहे, हे ओळखायला ते शिकवते का?

पहिले चार धडे हे शिकवत नाहीत. त्यांत ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’ आणि ‘लुक’ या क्रियापदांभोवती रचलेल्या याद्या आहेत. प्रत्येक जोडीचा अर्थ, दोन उदाहरणवाक्ये आणि एक लहानसा सराव अशी त्यांची मांडणी आहे. उदाहरणे नीटस आहेत, शिक्षिकेचा आवाज स्वच्छ आहे आणि झालेल्या धड्यातील शब्द काही दिवसांनी पुन्हा समोर आणण्याची सोयही चांगली आहे. परंतु या याद्यांमध्ये ‘लुक अप’, ‘लुक आफ्टर’, ‘लुक अ‍ॅट’ आणि ‘लुक अवे’ हे चारही प्रयोग एकाच शीर्षकाखाली एकाच पंक्तीला बसवले आहेत. पहिला खरा फ्रेझल व्हर्ब आहे. दुसऱ्यात क्रियापद आणि प्रिपोझिशन, म्हणजे पुढच्या नामाशी बांधलेला शब्द, मिळून नवा अर्थ झाला आहे. तिसऱ्यात साधे क्रियापद आहे आणि त्याला ठरावीक प्रिपोझिशन लागते. चौथ्यात साधे क्रियापद आणि दिशा दाखवणारे क्रियाविशेषण आहे. चौघांचे वागणे वेगळे आहे. ते सांगितले नाही, तर विद्यार्थी ‘लुक इट अप’ शिकतो आणि त्याच चालीवर ‘लुक इट आफ्टर’ म्हणतो. त्यात दोष त्याचा नसतो. दाखवलेल्या वाटेनेच तो गेलेला असतो.

पहिल्या धड्याच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सनचा उल्लेख आहे, तो मला आवडला. 1755 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत जॉन्सनने क्रियापदाला असे शब्द जोडून अर्थ बदलण्याच्या इंग्रजीच्या सवयीची दखल घेतली होती आणि परकीयांना याच गोष्टीची सर्वांत जास्त अडचण होते, असे म्हटले होते. पण प्रस्तावना तिथेच थांबते आणि पुढची, विद्यार्थ्याच्या खऱ्या उपयोगाची माहिती राहून जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव बरेच नंतरचे आहे. निबंधकार लोगन पिअर्सल स्मिथ यांनी 1925 मध्ये ते छापील मजकुरात वापरले आणि ते आपल्याला शब्दकोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे नमूद केले. नाव रूढ झाले तरी त्याच्या व्याप्तीबद्दल एकमत झाले नाही. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांनी 1985 च्या आपल्या बृहद् व्याकरणात फ्रेझल व्हर्ब, प्रिपोझिशनल व्हर्ब आणि दोन्हींचा संयोग असलेला फ्रेझल-प्रिपोझिशनल व्हर्ब असे तीन वर्ग स्पष्टपणे वेगळे केले. हडलस्टन आणि पुलम यांनी 2002 मध्ये त्याहून पुढे जाऊन ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञाच बाजूला ठेवली. त्यांच्या मते क्रियापद हे एकट्याने क्रियापद असते आणि त्यापुढचा शब्द हा वाक्यातला स्वतंत्र घटक असतो. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक पुस्तकांत मात्र हे सगळे प्रयोग ‘फ्रेझल व्हर्ब’ या एकाच नावाखाली येतात आणि त्यांचे ‘सेपरेबल’ (मध्ये कर्म येऊ देणारे) आणि ‘इनसेपरेबल’ (न येऊ देणारे) असे दोनच गट पाडले जातात. दोन पुस्तकांत एकाच प्रयोगाला दोन नावे दिसली की विद्यार्थी गोंधळतो आणि आपल्यालाच काही कळत नाही असे धरून चालतो. हा मतभेद दोन परिच्छेदांत सांगता आला असता.

पाचव्या धड्याशी मात्र हा अभ्यासक्रम एकदम वेगळ्या उंचीवर जातो. हा धडा लिहिणारी व्यक्ती वेगळी असावी, असे मला शेवटपर्यंत वाटत राहिले. संपूर्ण धडा एकाच वाक्यावर उभा आहे : ‘शी बॅक्ड अप द ड्राइव्ह.’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. घराच्या फाटकापासून दारापर्यंत जाणाऱ्या रस्त्यालाही ‘ड्राइव्ह’ म्हणतात आणि संगणकाच्या हार्ड ड्राइव्हलाही. म्हणजे तिने गाडी उलटी घेत घराच्या रस्त्याने वर नेली, असा एक अर्थ. आणि तिने ड्राइव्हवरील मजकुराची जादा प्रत करून ठेवली, असा दुसरा. अक्षराचाही फरक नसताना पहिल्या अर्थात ‘अप’ हा शब्द ‘द ड्राइव्ह’ला बांधलेला आहे आणि दुसऱ्या अर्थात ‘बॅक्ड’ला.

मग धडा या वाक्याला एकेक धक्का देत जातो. ‘अप’ उचलून शेवटी ठेवा : ‘शी बॅक्ड द ड्राइव्ह अप.’ गाडी अदृश्य होते, फक्त संगणक उरतो. ‘द ड्राइव्ह’च्या जागी ‘इट’ घाला. संगणकाच्या अर्थी ते मध्येच बसले पाहिजे, ‘शी बॅक्ड इट अप’. आणि रस्त्याच्या अर्थी शेवटीच, ‘शी बॅक्ड अप इट’. क्रियापद आणि ‘अप’ यांच्यामध्ये ‘स्लोली’ सरकवा : ‘शी बॅक्ड स्लोली अप द ड्राइव्ह.’ आता संगणक निघून जातो आणि गाडी परत येते, कारण क्रियापद आणि त्याचा स्वतःचा शब्द यांच्यामध्ये असे क्रियाविशेषण शिरू शकत नाही, मात्र क्रियापद आणि प्रिपोझिशन यांच्यामध्ये शिरू शकते. शेवटी ‘अप’सकट प्रश्न पुढे आणा : ‘अप विच ड्राइव्ह डिड शी बॅक?’ हा प्रश्न काहीसा पुस्तकी वाटला तरी रस्त्याबद्दल तो विचारता येतो, संगणकाबद्दल कधीच नाही. या चार चाचण्यांपैकी ‘इट’ची चाचणी सर्वांत भरवशाची आहे, असे धड्यात म्हटले आहे आणि माझ्या अनुभवाशी ते जुळते. इतर नामांच्या बाबतीत फ्रेझल व्हर्बचा तो शब्द कर्माच्या आधीही चालतो आणि नंतरही. कर्म लांबलचक असेल तर तो आधीच बरा वाटतो. सर्वनामापुढे मात्र ही मोकळीक राहत नाही.

हे वाचताना मला शाळेतले मराठी व्याकरण आठवले आणि अभ्यासक्रम मराठी विद्यार्थ्यांसाठी नसल्यामुळे त्यात जे येणे शक्य नव्हते, ते येथे सांगावेसे वाटते. ‘त्याने मागे पाहिले’ या वाक्यात ‘मागे’ हे क्रियाविशेषण अव्यय आहे आणि ‘त्याने दारामागे पाहिले’ यात तेच ‘मागे’ शब्दयोगी अव्यय आहे. ‘ती वर गेली’ आणि ‘ती गच्चीवर गेली’ यांतही तोच भेद. तो ओळखायला आपल्याला कष्ट पडत नाहीत, कारण शब्दयोगी अव्यय आपण नामाला जोडून लिहितो आणि नामाचे सामान्यरूपही होते. ‘दार’चे ‘दारा’ झाले की नाते कोणाशी आहे ते डोळ्यांना दिसते. इंग्रजीत ‘अप’ नामाचा असो वा क्रियापदाचा, तो दोघांपासूनही सुटाच लिहिला जातो. जे नाते आपल्या लिपीत उघड दिसते, ते तिथे शब्द हलवून शोधावे लागते. मी वर्गात हे याच शब्दांत सांगितले, तेव्हा एका वयस्कर विद्यार्थ्याने वहीत ‘बॅक्डअप द ड्राइव्ह’ आणि ‘बॅक्ड अपदड्राइव्ह’ असे दोन प्रकारे जोडून लिहिले आणि वही माझ्यापुढे धरली. इंग्रजी लेखनाच्या नियमांत ते बसत नाही, पण पाचव्या धड्याचे सार त्याने दोन ओळींत काढले होते.

सहाव्या धड्यात ही पकड सैल होते. त्याचा विषय आहे फ्रेझल व्हर्ब आणि ‘साधे क्रियापद अधिक क्रियाविशेषण’ यांतील फरक, आणि हा भाग पाचव्यापेक्षाही अवघड आहे. ‘ब्रिंग इन द चेअर्स’ म्हणजे खुर्च्या आत आणणे. ‘ब्रिंग इन अ न्यू रूल’ म्हणजे नवा नियम लागू करणे. दोन्हींत ‘इन’ मागेपुढे हलवता येतो, दोन्हींत ‘इट’ मध्येच बसते. म्हणजे पाचव्या धड्यातील चाचण्या येथे दोघांनाही सारखेच उत्तीर्ण करतात. अभ्यासक्रम यावर एवढेच सांगतो की, अर्थ शब्दशः लागला तर क्रियाविशेषण समजावे आणि लागला नाही तर फ्रेझल व्हर्ब. अर्थ लागतो की नाही हेच ज्याला कळत नाही, त्याला या नियमाचा काय उपयोग?

येथेही चाचण्या देता आल्या असत्या. ‘कुठे?’ असा प्रश्न विचारून पाहणे ही त्यांतली सोपी. मराठीतच पाहा : ‘गाडी पुढे ढकलली’ आणि ‘सभा पुढे ढकलली’. पहिल्या वाक्यावर ‘कुठे ढकलली?’ असे विचारता येते. दुसऱ्यावर विचारले तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल, त्याच्यावर ‘कधीवर ढकलली?’ हाच प्रश्न शोभतो. खुर्च्या आणि नियम यांचे तसेच आहे. दुसरी चाचणी उलट दिशेचा शब्द घालण्याची : खुर्च्या ‘आउट’ही नेता येतात, पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे असेल, तर ‘पुट ऑन’ने ती सभा जवळ येत नाही. तिसरी, तो शब्द वाक्याच्या आरंभी आणण्याची. शिक्षक आत आले हे ‘इन केम द टीचर’ असे सांगता येते. गाडी बंद पडली हे ‘डाउन ब्रोक द कार’ असे कोणी म्हणत नाही. दिशेचा शब्द मोकळा असेल तर तो असा पुढे येतो, क्रियापदात मुरलेला असेल तर येत नाही.

याहून मोठी उणीव अशी की, या दोन टोकांच्या मधला प्रदेश धड्यात अजिबात नाही. ‘टेअर अप द लेटर’ यात पत्र वर जात नाही, पण ‘टेअर’चा अर्थही बदललेला नाही, ‘अप’ने फक्त क्रिया पुरती झाल्याचे सांगितले आहे. ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ यांचेही तसेच. आपण त्यासाठी ‘टाकणे’ वापरतो : पत्र फाडून टाक. या ‘टाक’मध्ये फेकण्याचा अर्थ उरलेला नाही. त्याची खात्री करायची तर मध्ये ‘मग’ घालून पाहावे. ‘पत्र फाडून मग टाक’ म्हटले की आधी फाडायचे आणि नंतर ते कुठेतरी टाकायचे, अशा दोन क्रिया होतात आणि ‘टाक’ला त्याचा मूळ अर्थ परत मिळतो. इंग्रजीतील ‘अप’ आणि मराठीतील ‘टाकणे’ हे वेगवेगळ्या जातीचे शब्द आहेत, हे मला ठाऊक आहे. तरीही दोघांच्या वागण्यातील हे साम्य मराठी विद्यार्थ्याला एकदा दाखवले, की ‘अप’चा हा उपयोग त्याला पाठ करावा लागत नाही.

आता तक्रारीचे दोन मुद्दे. सातव्या धड्यात आघाताबद्दल सांगितले आहे आणि सांगितलेले बरोबर आहे. ‘द वर्ड आय वॉज लुकिंग अप’ यात जोर ‘अप’वर येतो, तर ‘द पिक्चर आय वॉज लुकिंग अ‍ॅट’ यात ‘लुकिंग’वर राहतो आणि ‘अ‍ॅट’ हलका पडतो. वाक्याच्या शेवटी एकटा राहिलेला शब्द कोणाचा हे डोळ्यांना कळत नाही, तिथे कान मदतीला येतो, म्हणून हा धडा महत्त्वाचा. पण त्याला जोडलेला आवाज यंत्राने तयार केलेला आहे आणि त्याने ही दोन्ही वाक्ये एकाच सुरात, शेवटच्या शब्दावर सारखाच जोर देऊन वाचली आहेत. मी ती बारा वेळा तरी ऐकली. शिकणाऱ्याने धड्यातल्या मजकुरावर विश्वास ठेवावा की कानावर? शिवाय ‘आफ्टर’, ‘ओव्हर’ यांसारख्या दोन अवयवांच्या प्रिपोझिशनवरही थोडा आघात येऊ शकतो, त्यामुळे केवळ कानाच्या भरवशावर निर्णय देऊ नये, ही सूचना त्यात असायला हवी होती.

दुसरी तक्रार सरावाच्या तपासणीची आहे. एका प्रश्नात मी ‘द कार रॅन द डॉग ओव्हर’ असे उत्तर दिले आणि ते चूक ठरले. ‘रन ओव्हर’ हे ‘इनसेपरेबल’ आहे, असा शेरा आला. वाहनाखाली येण्याच्या अर्थी ‘रॅन ओव्हर द डॉग’ आणि ‘रॅन द डॉग ओव्हर’ हे दोन्ही प्रयोग चालतात आणि विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोशही ते तसे नोंदवतात. सर्वनाम असेल तर ‘रॅन हिम ओव्हर’ असेच बहुधा ऐकू येते. ही जोडी सीमेवरची आहे. अशा जोड्या वगळाव्यात, नाहीतर दोन्ही उत्तरे स्वीकारावीत. मी पुराव्यासह लिहिले, तर ‘आपल्या सूचनेबद्दल आभार’ एवढेच ठरीव उत्तर आले. दुसऱ्या पत्रानंतर प्रश्न तपासणीसाठी पाठवल्याचे कळवले गेले. एका उत्तराचे गुण गेले याचे मला काही नाही. पण जो विद्यार्थी बरोबर ऐकून बरोबर लिहितो, त्याला यंत्राने चूक ठरवले की तो पुढच्या वेळी आपल्या कानावर विश्वास ठेवत नाही, हे मी वर्गात पाहिलेले आहे.

आठवा, दहावा आणि अकरावा धडा पुन्हा याद्यांचे आहेत आणि बारावा उजळणीचा. नववा मात्र चुकवू नये. त्यात ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘लुक फॉरवर्ड टू’ असे तीन शब्दांचे प्रयोग आहेत आणि त्यांची फोड फार सुरेख केली आहे : मधला शब्द क्रियापदाचा, शेवटचा नामाचा. एवढे कळले की ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ ही पत्रांतून सर्रास दिसणारी चूक आपोआप सुटते. तेथला ‘टू’ हा ‘टू गो’, ‘टू सी’ यांतला ‘टू’ नाही. तो प्रिपोझिशन आहे आणि त्यापुढे नाम किंवा ‘मीटिंग’सारखे नामासारखे वागणारे रूपच येणार. मी वर्षानुवर्षे ही चूक लाल शाईने दुरुस्त करत आले, पण कारण इतक्या थोडक्यात मला सांगता आले नव्हते.

ज्यांना हा किंवा याच धर्तीचा अभ्यासक्रम घ्यायचा आहे, त्यांनी तो पहिल्या धड्यापासून सुरू करू नये, असे माझे मत आहे. आधी पाचवा आणि नववा धडा करावा, मग पेन्सिल हातात घेऊन याद्यांकडे वळावे आणि प्रत्येक नोंदीत ‘इट’ कुठे बसते ते पाहून समोर खूण करावी : मध्ये बसले तर एक, शेवटी बसले तर दुसरी, कर्मच घेत नसेल तर तिसरी. पहिल्या चार धड्यांतील याद्यांना अशा खुणा करायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि खुणा केलेली प्रत मी आता वर्गात वापरते. सातव्या धड्याचे ध्वनिमुद्रण माणसाच्या आवाजात नव्याने करण्याची विनंती मी गेल्या आठवड्यात पाठवली आहे. त्यावर उत्तर आले आणि आवाज बदलला, तर या परीक्षणातील तो परिच्छेद मी दुरुस्त करेन.